सातव्या दिव्यासमोरची भिंत

खारघरच्या डोंगरातली गुहा पर्यटकांसाठी उघडली तेव्हा आत चौदा दिवे बसवले, आणि दिव्यांपाठोपाठ शेवाळ आलं. उजेड पडेल तिथेच ते धरायचं. दोन हात बाजूला, अंधारात, दगड काळाच राहायचा. बोनकोड्याचा नामा महिन्यातल्या पहिल्या सोमवारी, गुहा बंद असताना, भिंतींवर औषधाचं पाणी मारायचा आणि नायलॉनच्या ब्रशने घासायचा. महिन्याभरात भिंती पुन्हा हिरव्या व्हायच्या.

बायको, काशी, वारल्यापासून त्याला हे काम बरं वाटत होतं. आत कोणी विचारपूस करायला येत नसे.

जानेवारीत सातव्या दिव्यासमोरच्या भिंतीवर एक मोकळी जागा दिसली. सगळीकडे शेवाळ, मध्येच दगड उघडा. खाली रुंद, वर निमुळता, त्यावर गोल. कडा पुसट. नामा जवळ जाऊन उभा राहिला. गोलाचा माथा त्याच्या खांद्याला लागला.

काशी तेवढीच होती.

तिच्या दहाव्याच्या रात्री घरात दिव्याखाली तांदळाचं पीठ पसरून वर टोपली पालथी घातली होती. गेलेलं माणूस येऊन गेलं की पिठावर खूण उमटते म्हणतात. सकाळी पिठावर कसलीच खूण नव्हती. जावा एकमेकींकडे बघत राहिल्या होत्या. नामाला ते फार लागलं होतं.

गुहेची देखभाल वैदेही मॅडमकडे होती. तिने दिव्याची काच पुसून पाहिली, मागेपुढे पाहिलं. उजेडाच्या आड काहीच नव्हतं.

"काहीतरी रोज इथे मध्ये येतंय, काका. सावली पडते तिथे शेवाळ धरत नाही. वस्तू भिंतीला चिकटून असेल तर सावली खऱ्या मापाची, अगदी कापल्यासारखी पडते. वस्तू दिव्याकडे सरकली की सावली मोठी होते आणि कडा विरतात."

"दिव्याकडं म्हंजे माझ्याकडं," नामा म्हणाला. डबा खायला तो त्या दिव्यामागेच बसायचा.

भिंत त्याने घासून काढली. फेब्रुवारीत शेवाळ परत आलं तेव्हा मोकळी जागा त्याच्या डोक्याच्याही वर गेली होती. मार्चमध्ये ती छताला टेकली. वैदेहीने हा एक दिवा काढून टाकायचं ठरवलं. शेवाळाचा प्रश्नही मिटेल, म्हणाली.

"नका काढू, मॅडम. काशी येते हाय."

 वैदेहीने वायरमनला फोन करून उद्या येऊ नकोस म्हणून सांगितलं.

एप्रिलमध्ये भिंत एकसारखी हिरवी होती. कुठेच मोकळी जागा नव्हती. जे काय होतं ते गेलं, म्हणत वैदेही हसली. नामा दिव्यामागे जाऊन उभा राहिला. कोणी दिव्याच्या पुढ्यात असेतोवरच सावली पडते. दिवा ओलांडला की पडत नाही. दिव्यामागे त्याची बसायची जागा, मग पायऱ्या, मग दार.

त्याच दिवशी त्याने घराच्या दारावर मोठा बल्ब लावला. काशीला वाट दिसावी म्हणून दिवसाही बंद केला नाही. जेवताना दोन ताटं घेऊ लागला. मे गेला, जून गेला. दुसरं ताट रोज तसंच राहायचं.

बोनकोड्याच्या गल्ल्या अरुंद. नामाच्या दारासमोर चार हातांवर शेजाऱ्याची भिंत. जुलैत ओलीने ती हिरवी झाली, बल्बसमोर जास्तच.

एका सकाळी तो तांब्या घेऊन बाहेर आला आणि थांबला.

समोरच्या शेवाळात मोकळी जागा होती. या वेळी कडा सुरीने कापल्यासारख्या.

भिंतीला चिकटून असेल तर सावली खऱ्या मापाची पडते.

तो जवळ गेला. गोलाचा माथा त्याच्या कमरेला लागला.

कोणी बसलेलं असेल, असं त्याने मनाशी म्हणून पाहिलं. पण पाय सरळ होते. हात जमिनीपर्यंत पोचले होते.

नामा घरात आला. बटणावर बोट ठेवून उभा राहिला. दिवा बंद केला तर ते कुठवर आलं, हे कळणार नव्हतं.

त्याने बोट काढून घेतलं.