नमुनाघरातल्या मालनबाई

कोल्हापूरच्या पश्चिमेला, जिथे एके काळी उसाचे फड होते, तिथे ‘महावास्तू’ समूहाचे तीन मनोरे चढत होते. दोन मनोऱ्यांना अजून धड भिंतीही नव्हत्या, पण पहिल्याच्या तळमजल्यावर एक घर मात्र नटूनथटून तयार होतं. विकासकांच्या भाषेत हे नमुनाघर. रविवारी सकाळी हेमांगी इंगवले तिथे शिरली तेव्हा घराने तिची लगेच दखल घेतली. खिडकीची काच उन्हापुरती सावळी झाली, पंखा आपणहून मंद फिरू लागला आणि बैठकीतला दिवा चार माणसं बसतील एवढा उजळला.

“बोधभिंती आहेत मॅडम,” विक्री विभागातली ओवी नावाची मुलगी म्हणाली. “घर माणसाला ओळखतं.”

हेमांगीला हे शब्द नवे नव्हते. विद्यापीठात ती पुलांना हीच विद्या शिकवत असे. कोणत्या पुलावर कसला भार आला, तो कधी थकला, हे पुलाने स्वतः ओळखून सांगावं, असं तिचं संशोधन. घराच्या बाबतीत मात्र ती संशोधक म्हणून आली नव्हती. तिच्याबरोबर नवरा रणधीर होता आणि सासूबाई, मालनबाई, होत्या. खरं सांगायचं तर सगळा घाट मालनबाईंसाठीच होता.

सासरे गेल्यापासून मालनबाई सहा महिने थोरल्याकडे इचलकरंजीला आणि सहा महिने धाकट्याकडे कोल्हापुरात राहत. दोन्ही मुलगे चांगले, दोन्ही सुना प्रेमळ. तरीही हेमांगीच्या स्वयंपाकघरात त्या “चहा टाकू का गं?” असं विचारूनच आधण ठेवत. ते विचारणं हेमांगीला काट्यासारखं टोचायचं. दोष कुणाचाच नव्हता. एका घरात थोरली सून आधी आली होती, दुसऱ्यात हेमांगी. मालनबाई कुठेही गेल्या तरी मागाहून आलेल्या. म्हणून हेमांगीने मनाशी ठरवलं होतं, की असं कोरं घर घ्यायचं जिथे तिघांनी एकाच दिवशी पहिलं पाऊल टाकावं. रणधीरला एवढं बारीक कळत नव्हतं. गाडी लावायला जागा हवी, बाकी तुमचं तुम्ही बघा, असं त्याचं धोरण.

घर तिघांनाही आवडलं. मालनबाईंनी नळ सोडून पाहिले, ओट्याची उंची कमरेला लावून पाहिली आणि मग निवांत कोचावर मांडी घालून बसल्या. ओवीने कागदी पेल्यातला चहा दिला. तो संपला आणि मालनबाईंच्या डोक्यावरचा दिवा हळूहळू मंदावला. पंखा थांबला. दाराकडच्या बोळातले दिवे मात्र लख्ख लागले आणि दार अलगद उघडलं. पलीकडे विक्रीचं टेबल दिसत होतं.

“उठा गं,” मालनबाई म्हणाल्या. “घर म्हणाय लागलंय, झालं आता, निघा.”

त्या हसत होत्या, पण इचलकरंजीला जायचा दिवस जवळ आला की त्यांचा चेहरा जसा व्हायचा तसाच तो आता झाला होता. हेमांगीला भयंकर वाईट वाटलं. ओवी मात्र जिथे उभी होती तिथला दिवा छान उजळ होता, हेही हेमांगीने पाहून ठेवलं.

दोन दिवसांनी ती समूहाच्या प्रयोगशाळेत डॉ. सलीम अत्तारांसमोर बसली होती. हे घर त्यांच्या बुद्धीतून उतरलेलं. बोलायला सरळ, आणि आपल्या कामाचं कौतुक ऐकलं की लाजणारे.

“घरचं कोण आणि पाहुणा कोण, हे तुम्ही त्याला कसं शिकवलंत?” हेमांगीने विचारलं.

“शिकवलंच नाही. ते आपलं आपण शिकलं. आमच्याकडे कॅमेरे नाहीत. फरशीला प्रत्येकाची चाल कळते, भिंतींना आवाज आणि अंगाची ऊब. येणंजाणं पाहता पाहता घराने एक नियम काढला. जो निरोप घेतो तो पाहुणा, जो निरोप देतो तो घरचा.”

“नियम चांगलाय. मग नमुनाघरात घरचं कोण?”

अत्तार जरा घुटमळले. “ओवी.”

“आणि बाकीच्या नऊशे घरांत?”

“त्यांत याच घराचा बीजबोध जाणार. हीच प्रत, ओळखींसकट. ओळखी काढून टाकता येत नाहीत, बोध त्यांच्यातूनच विणलेला असतो. कोरं घर द्यावं म्हणाल, तर त्याला शहाणं व्हायला दोन वर्षं लागतात. तोवर आत म्हातारं माणूस पडलं तरी त्याला पत्ता नसतो. म्हणून कोरं घर विकायला परवानगीच नाही.”

“म्हणजे ज्या घरात कधी कुणी झोपलं नाही, भांडलं नाही, ताप आला म्हणून पडून राहिलं नाही, तिथलं शहाणपण तुम्ही नऊशे कुटुंबांना वाटणार. सर, तुमच्या घराला माणसं फक्त जाताना माहीत आहेत.”

अत्तारांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि कबूल केलं की हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. मग उपाय काय, यावर दोघांनी दुपार घालवली. उपाय तसा एकच होता. नमुनाघरात खरं कुटुंब राहायला हवं, सगळे ऋतू निघेपर्यंत. असं कुटुंब कुठून आणायचं, असं अत्तारांनी विचारलं तेव्हा हेमांगीच्या तोंडून निघून गेलं, “आम्ही येतो.”

समूहाचे अध्यक्ष शिरगुप्पे यांना विज्ञान कळत नसलं तरी विक्री कळत होती. घर बघायला येणाऱ्यांचा ओघ थांबता कामा नये, एवढी एकच अट त्यांनी घातली. रणधीरने गाडीला जागा आहे ना ते विचारून घेतलं. दिवाळी झाल्यावर इंगवले कुटुंब नमुनाघरात डेरेदाखल झालं.

पहिले काही दिवस घराने त्यांना घालवून द्यायचा चंगच बांधला. जेवणं झाली की दिवे मंद, दार उघडं. मालनबाई दार लोटून घेत आणि भिंतीकडे बघून दटावत, “आम्ही काय बाजार बघाय आलोय व्हय? गप बस की.” हळूहळू घर गप बसायला शिकलं. मग त्याला फोडणीचा ठसका कळला, दुपारची डुलकी कळली, रणधीर चिडला की गॅलरीत जाऊन उभा राहतो हेही कळलं.

दिवसभर घरात मालनबाई एकट्याच. घर बघायला रोज माणसं यायची आणि आलेल्या माणसाला नुसतं पाठवणं हे मालनबाईंच्या रक्तातच नव्हतं. त्या बसवायच्या, कपबशीतून चहा द्यायच्या. कुठलं कपाट करकरतं, पश्चिमेकडून धूळ किती येते, हेही मोकळेपणाने सांगून टाकायच्या. ओवी आधी घाबरली, पण घरं पहिल्यापेक्षा जास्त खपायला लागली तशी तीही कोचावर बसून चहा प्यायला लागली आणि संध्याकाळी मालनबाईंचा निरोप घेऊनच जाऊ लागली. निघणाऱ्या प्रत्येकाला मालनबाई दारापर्यंत सोडायच्या, तिथे पुन्हा नव्याने गप्पा सुरू व्हायच्या आणि शेवटी “या हं परत” म्हणून त्या आत वळायच्या.

एका संध्याकाळी हेमांगी कामावरून आली तर मालनबाईंनी न विचारता चहा टाकलेला होता. तिच्यापुढे कप ठेवला आणि साखर कमी झाली असंल तर घालून घे, म्हणाल्या. हेमांगीला इतका आनंद झाला, की रडू येईल म्हणून ती तशीच कप घेऊन गॅलरीत गेली. दुसऱ्या दिवशी तिने घराची नोंदणी करून टाकली.

दीड वर्षाने, अक्षय्य तृतीयेला, तिन्ही मनोऱ्यांतल्या घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. इंगवल्यांचं घर अकराव्या मजल्यावर होतं. मालनबाईंनी उंबरा ओलांडला आणि घर ओळखीच्या माणसाला भेटावं तसं उजळलं. खिडकी त्यांच्या सवयीइतकीच उघडली, पंखा त्यांना सोसेल एवढाच फिरला. हेमांगीने रणधीरचा हात घट्ट धरला. आपला निर्णय चुकला नाही, असं ती त्याला सांगणार तोच दारात शेजारचे चौगुले उभे.

“वहिनी, आमचं घर आम्हाला बाहेर काढायला लागलंय हो,” ते काकुळतीने म्हणाले. “दूध उतू घातलं, जरा टेकलो, तर दिवे घालवले आणि दार उघडून दिलं.”

मागोमाग वरच्या मजल्यावरून फोन आला, मग खालच्या मजल्यावरून, मग दुसऱ्या मनोऱ्यातून. प्रत्येक घर आपल्याच मालकाला वाटेला लावत होतं. डॉ. अत्तार धापा टाकत आले. हेमांगीने त्यांच्याकडे पाहिलं आणि दोघांच्याही डोक्यात एकदमच प्रकाश पडला.

“नमुनाघर बघितल्याशिवाय घर कोण घेतं?” हेमांगी म्हणाली. “यातला प्रत्येक जण तिथे चहा पिऊन, आईंचा निरोप घेऊन गेलाय. घरांनी सगळ्यांची चाल ओळखलीय. पाहुणा म्हणून.”

“आणि नऊशे घरांची घरधनीण एकच,” अत्तार म्हणाले आणि त्यांना हसू आवरेना.

खात्री करायला मालनबाईंना चौगुल्यांकडे नेलं. त्यांचं पाऊल पडताच ते घर दिवाळीसारखं उजळलं. चौगुले कुटुंब मालनबाईंच्या आडोशाने आत शिरलं. आता यावर तोड काय? नियम घराचा होता, तोडही त्यातच होती. मालनबाईंनी प्रत्येक घरी जायचं, पाहुणी म्हणून बसायचं, आणि त्या घरच्यांनी त्यांना दारात निरोप द्यायचा. जिला पाहुणी म्हणून राहायचा वीट आला होता, तिला आपण नऊशे घरांत पाहुणी करतोय, असं हेमांगीला झालं. तिने चाचरत सासूबाईंना सगळं समजावून सांगितलं.

मालनबाईंनी पदर खोचला. “त्यात काय एवढं? चला की.”

त्या चार महिने घरोघरी जात राहिल्या. कुठे पोहे, कुठे सरबत, कुठे शीरखुर्मा. दारात “येते हं” म्हणून त्या बाहेर पडल्या, की मागे दिवे निरोप देणाऱ्याच्या डोक्यावर सरकत आणि ते घर त्या माणसांचं होई. सर्वांत शेवटी राहिलं अठ्ठाविसाव्या मजल्यावरचं घर. ते खुद्द शिरगुप्प्यांचं. आयुष्यभर त्यांच्याकडे आलेल्यांना शिपाई बाहेर सोडत आला होता. तीनदा त्यांच्या घराने त्यांना बाहेर काढलं होतं. मालनबाईंना दारापर्यंत सोडायला ते आले खरे, पण हात कुठे ठेवावेत तेही त्यांना कळेना.

“‘या परत’ म्हणायचं,” मालनबाईंनी हळूच सांगितलं.

“या परत,” शिरगुप्पे म्हणाले, आणि मग त्यांना ते खरंच वाटलं असावं, कारण ते पुन्हा म्हणाले, “खरंच या, मालनबाई.”

त्यांच्यामागे घर उजळलं. लिफ्टचं दार मिटलं तेव्हा हेमांगीने विचारलं, “आई, नऊशे घरं तुमची होती. सगळी वाटून टाकलीत. वाईट नाही वाटलं?”

“सगळी कुठं?” मालनबाईंनी अकराचं बटण दाबलं. “एक ठेवलंय की.”