घोड्यांची केणी

आखातातल्या सोहारजवळच्या एका खजुराच्या बागेत पाइपलाइनसाठी चर खणायचं काम चाललं होतं. नयना तिथली सर्व्हेअर. दुर्बीण लावून लेव्हल घ्यायची आणि नोंदवून ठेवायची, एवढंच तिचं काम. पण तीन दिवस एक विचित्र प्रकार होत होता. उन्हाच्या सुट्टीत सगळे कॅम्पवर गेले, की परत येईपर्यंत चराचा एक भाग हातभर बुजलेला असायचा.

साइट मॅनेजरनं खापर फोडलं ते रत्नागिरीच्या इक्बालवर. जेसीबी तोच चालवायचा. हा मुद्दाम काम लांबवतोय, उद्याच्या विमानानं परत पाठवा, असं पत्र टाइप करून त्यानं, चराच्या नोंदी तिच्या म्हणून, नयनाकडे सहीला दिलं.

"स्वतः बघितल्याशिवाय मी सही करणार नाही," ती म्हणाली आणि त्या दुपारी एकटीच थांबली.

एक वाजला. वारा पडला. खजुराचं एक पान हलेना. मग साखळी वाजली...

बागेच्या मालकाच्या, अर्बाबच्या आजोबांची जुनी केणी फाटकाजवळ शोभेला ठेवलेली होती. माती ओढायचं, घोडे जुंपायचं लोखंडी सूपच ते; बागेची ही जमीन आजोबांनी त्यानंच सपाट केली होती. ती जमिनीवरून सरकत येत होती. साखळ्या ताठ, आणि साखळ्यांपुढे कुणीच नाही. नुसता घोड्यांच्या घामाचा आंबूस वास. मागचे दोन दांडे कुणीतरी रेटावेत तसे उचलले गेले, पात्यानं माती घेतली आणि केणी चराकडे वळली.

नयनाला पळून जावंसं वाटलं. पण मग उद्या इक्बाल विमानात असता. ती जाऊन केणीच्या वाटेत उभी राहिली.

"इथून पुढे नाही..." ती म्हणाली. "माझ्या अंगावरून जा, नाहीतर परत फिरा."

केणी हातभर अंतरावर थांबली. गरम श्वास तिच्या तोंडावर आला... एकदा. पुन्हा एकदा. तिनं डोळे मिटले नाहीत. साखळ्या खळकन खाली पडल्या.

लोक परतले तेव्हा चर जसाच्या तसा होता आणि केणी बागेच्या मधोमध. ही इथं कुणी आणली, मॅनेजरनं विचारलं. इक्बाल तर सगळ्यांदेखत कॅम्पवर झोपला होता. नयनानं त्या पत्राचे चार तुकडे केले आणि मॅनेजरच्या हातात ठेवले.

गुरुवार होता, शुक्रवारची सुट्टी म्हणून संध्याकाळी ती अल् घुब्राला घरी निघाली. भुसभुशीत मातीत दोन घोड्यांच्या टापा उमटल्या होत्या, त्यांच्यामागे अनवाणी पावलं. सगळी तिच्या गाडीपर्यंत आलेली. परत गेलेलं एकही नाही.

तिनं आत बसून पट्टा लावला.

"यायचं तर या," ती म्हणाली. "गाडी मीच चालवणार."

मागचं दार तिनं उघडलंच नव्हतं. ते हळूच लागलं...