पट्टीखालची चिठ्ठी

तो पहिल्यांदा आला तेव्हा माझ्या हातात चिमटा होता आणि दातांत रबरबँड. त्यामुळे आमच्या ओळखीतला माझा पहिला शब्द होता, "ऊं?"

"माझ्या बेस गिटारच्या आवाजात दमच नाहीये," तो म्हणाला. "रॉक वाजवतो आम्ही. ड्रमवाल्याने काठी आपटली की मी गायब! शनिवारी कार्यक्रम आहे... तोवर आवाज सुधारला नाही तर माझ्या जागी दुसरा येणार."

आमचं दुकान वाद्यदुरुस्तीचं. बाबा व्हायोलिनं बघतात, विजेवर चालणारं सगळं माझ्याकडे. मी त्याचे दोन्ही पिकअप तपासले. तारांची थरथर पकडणारे हे चुंबकी तुकडे. त्यांत काही राम उरला नव्हता.

"नवे बसवू. जाड आवाजाचे. भिंत हलेल."

"भिंत नको. ड्रमवाला हलला तरी पुरे."

हसताना त्याचा डावा डोळा जरा जास्तच मिटायचा. हे मी कशाला पाहिलं, कोण जाणे!

दुसऱ्या दिवशी मी नव्या पिकअपच्या वायर सोल्डरने जोडत होते आणि तो समोर स्टुलावर ठाण मांडून बसला होता.

"तुम्ही नेहमी इतक्या गप्प असता?"

"हातात तापलेलं काही असलं की."

"आणि नसलं की?"

"मग बडबडते."

"मग ठेवा की ते खाली..."

मी ठेवलं नाही. पण लक्ष मात्र उडालं ते उडालंच.

काम झालं की तारीख, दुरुस्ती आणि सही लिहिलेली चिठ्ठी नॉबच्या पट्टीखाली ठेवायची, हा बाबांचा नियम. ती ठेवली. एकेक पिकअप वाजवून पाहिला. दोन्ही एकत्र वाजवायचे मात्र राहून गेले.

शुक्रवारी सकाळी तो गिटार घेऊन पुन्हा हजर.

"एकेकटे झकास वाजतात. दोन्ही एकत्र लावले की आवाज पार पातळ."

माझे कान तापले. एका पिकअपच्या दोन वायर मी उलट्या जोडल्या असणार. म्हणून दोघे एकमेकांचाच आवाज खात होते. नवशिक्याची चूक! बाबांना कळलं असतं तर वर्षभर ऐकवलं असतं.

"चूक माझी आहे," मी सरळ सांगून टाकलं. "दहा मिनिटं द्या."

पट्टी उघडली. चिठ्ठीची घडी माझी नव्हती. माझ्या सहीखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: 'काल उघडून पाहिलं. वायर उलट्या आहेत. मला बदलता आल्या असत्या, पण मग परत यायला कारण उरलं नसतं. तुम्ही मला आवडता. उद्या ऐकायला याल?'

मी वर पाहिलं. तो भिंतीवरची व्हायोलिनं मोजत होता.

"आणि बँडमधली जागा गेली असती तर?"

"धाकधूक होतीच," तो व्हायोलिनांनाच म्हणाला. "पण या चिठ्ठीची जास्त होती."

मी वायर बदलल्या. दोन्ही नॉब पूर्ण फिरवले आणि सगळ्यात जाड तार छेडली. टेबलावरचे स्क्रू थरथरले. त्याचा चेहरा असा उजळला की मला स्वतःचाच अभिमान वाटला, आणि तो मला किती आवडतो तेही तेव्हाच कळलं.

मी चिठ्ठीवर एक ओळ लिहिली, आत ठेवली आणि चारही स्क्रू घट्ट आवळले.

"उत्तर?"

"आत आहे."

"म्हणजे कार्यक्रमानंतर उघडू?"

"तुमची मर्जी..."

त्याने माझा स्क्रूड्रायव्हर जवळजवळ हिसकावूनच घेतला. एरवी तारांवर भराभर फिरणारी बोटं तिसऱ्या स्क्रूला दोनदा घसरली. मग त्याने वाचलं, अगदी हळू आवाजात: "येते. आणि यापुढे तू कारणाशिवाय येत जा."

"झालं का गं त्या गिटारचं?" आतून बाबांनी विचारलं, तेव्हा मी पट्टी परत बसवत होते.

"नाही बाबा, एक स्क्रू राहिलाय!"

स्क्रू त्याच्या मुठीत होता, आणि तो काही केल्या द्यायला तयार नव्हता.