कपारीतली सात झाडं

नवऱ्याने जिवावर उदार होऊन आणलेला कंद तिने स्वतःच्या हाताने कुजवला होता, म्हणून तसाच दुसरा आणायला ती निघाली होती. वनस्पती उद्यानाच्या काचघरात तिची वीस वर्षं गेलेली. पानं झडली की हा डोंगरी कंद चार महिने कोरडा झोपतो, हे तिला तोंडपाठ होतं. पण नवरा तापाने गेला आणि ती यंत्रासारखी रोज झारी घेऊन फिरत राहिली. झोपलेल्या कंदालाही पाणी! ध्यानात आलं तेव्हा कुंडीत नुसता लगदा उरला होता. त्याचंही तिला काही वाटलं नाही.

सोबत दीर आणि एक वाटाड्या. सहा दिवस त्यांनी जंगल तुडवलं. जळवांनी पिंडऱ्या सोडल्या नाहीत, ओढ्याने शिध्याची पिशवी पळवली.

"वहिनी, जरा टेका ना," दीर कुरकुरे. "माझ्या गुडघ्यांनी राजीनामा दिलाय."

ती बसे, पुन्हा उठे. तिला ना भूक जाणवे, ना थकवा.

सातव्या दिवशी धुकं विरलं आणि पायांखालच्या कड्याच्या कपारीत लाल फुलांचे झुबके दिसले! तिने कमरेला दोर बांधला. ओला खडक. एक पाऊल. दुसरं. शेवाळ सुटलं! ती घसरली, दोराला हिसका बसला, तळहात सोलून निघाले.

वाटाड्याने वर पाय रोवले. "दोर मी सोडत नाही, बाई. तुम्ही फक्त खडक धरा."

ती कपारीत पोचली. झाडं मोजली. सात. नवऱ्याच्या वहीत तेवीस लिहिली होती. बाकीची दरडीने नेलेली दिसत होती. वीसपेक्षा कमी असतील तर एकाही कंदाला हात लावायचा नाही, असा काचघरातल्या लोकांचा नियम. तरी तिने खुरपं मातीत घातलं.

"घ्या ना एक," दीर वरून म्हणाला. "दादाचं दुसरं काय उरलंय आपल्याकडे?"

तिचा हात थांबला. तिने खुरपं उपसलं, माती नीट दाबली.

"सातच आहेत, भाऊजी. त्यांनीसुद्धा घेतला नसता."

वर पोचली तेव्हा तळहात झोंबायला लागले. नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच तिला काही दुखलं, आणि ती ओक्साबोक्शी रडली. दिराने रुमाल फाडून तिचे दोन्ही हात बांधले, आणि तिघं रिकाम्या पिशव्या घेऊन डोंगर उतरू लागले.