या मामा, जेवाया

सरकून बसा, आणि मधेच उठून पाणी प्यायला जायचं नाही. हे बन्सीधरनं मला स्वतःच्या तोंडानं सांगितलंय, आणि तो थापा मारणाऱ्यातला नाही.

मागल्या पौषातली वद्य त्रयोदशी, मंगळवार. येलदरीच्या धरणात बन्सीधर मासे धरतो. त्याच्या नावेला ताडपत्रीचं शीड आहे. वारा असला की गडी वल्ह्याला हात लावत नाही, असा आळशी. पाथरीचा त्याचा शाळासोबती योगीराज आठ दिवस पाहुणा आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं परत जायचा. जाताना त्याला मासे बांधून द्यावेत म्हणून दोघं पलीकडच्या काठाचं जाळं काढायला निघाले. बन्सीधरची बायको कस्तुराबाई दारातून म्हणाली, "दिवस बुडायच्या आत या. भावजींची लेक दोन महिन्यांची हाय. त्यांना धड घरी पाठवायचं तुमच्यावर हाय."

येताना दिवेलागणीला मधोमध वारा पडला. तिथं खाली जुनं गाव आहे. धरण झालं तेव्हा माणसं उठली, मसणवटा काही उठला नाही. म्हणून तिथं कोणी नावाडी शिदोरी सोडत नाही. हे योगीराजला सांगायचं बन्सीधर विसरला. शिडाची दोरी सोडवत तो पाठमोरा बसला होता.

योगीराजनं भाकरी सोडली. समोर माणूस दिसला की आपण जे म्हणतो, तेच त्याच्या तोंडून गेलं.

"या मामा, जेवाया!"

बन्सीधर गर्रकन वळला. "कुनाला म्हनलास?"

"ते काय, म्हातारबा उभे हायेत."

"योगीराज… तिथं चाळीस हात पानी हाय."

नावेच्या तळाखालून आवाज आला.

"आलो."

एकट्याचा नव्हता तो आवाज…

पहिला हात नावेच्या काठावर आला. मग दुसरा. मग मोजवेनात. मानगूट धरून त्यांनी योगीराजचं तोंड फळीवर आपटलं. पुन्हा आपटलं. दात सांडले. बन्सीधरनं वल्हं घातलं. बोटं कडाकडा मोडली. सुटली नाहीत. कोयता घातला. एक पंजा मनगटातून तुटला… आणि तुटलेला पंजा योगीराजच्या गळ्याला तसाच आवळून राहिला. रक्त होतं ते फक्त योगीराजचं.

बन्सीधरनं मित्राचा हात धरला. पाय फळीला रोवले. वरून ओढ. खालून ओढ. योगीराजचा खांदा कट्कन निखळला.

"बन्सी… सोडू नको… लेक…"

सोडला नाही. देवाशपथ, सोडला नाही त्यानं. बन्सीधरची चार नखं मुळापासून उपटली, तेव्हा हात निसटला.

पाणी सपाट.

मग वारा आला. शीड आपोआप भरलं आणि नाव काठाला लागली. हे सांगताना बन्सीधर लेकरासारखा रडला, आणि खरं सांगतो, मीही रडलो.

तिसऱ्या दिवशी योगीराज वर आला. गावाबरोबर मीही काठावर होतो. तोंड फुटलेलं. खांदा लोंबत होता. अंग फुगलेलं.

पाहुण्याची बोळवण करावी तशी, पाण्यातून वर येतानाच त्याच्या डोक्यावर नवी पांढरी टोपी होती. कपाळाला कुंकू. कुंकवावर तांदळाचे दाणे.

बन्सीधरनं पुढं होऊन हात लावला.

टोपी कोरडी होती.