अहमदाबाद ते सिंगापूर, साडेपाच तास

अंतर : सुमारे चार हजार दोनशे किलोमीटर.
विमानात : साडेपाच तास.

वरदला हे मी पहिल्यांदा गुजरातीत सांगितलं. अलकापुरीतल्या एका ट्रॅव्हल एजन्सीत मी काउंटरवर असते, आणि बडोद्यात समोरचा मराठी असेल असं धरून कोण चालतं? जाताना आठ तास आणि येताना तीनच कसे, यावर त्याची हुज्जत चालू होती. मध्येच घरून फोन आला.

"अगं आई, डाळ सकाळीच भिजत घातलीये." मी फोन ठेवला.

तो हसत होता. "वीस मिनिटं आपण गुजरातीत भांडतोय... आणि तुमच्या घरी डाळ मराठीत भिजतेय."

मग मराठीत समजावलं. तिथलं घड्याळ अडीच तास पुढे. कागदावर त्या-त्या गावची वेळ छापतात.

"म्हणजे जाताना अडीच तास हरवतात."

"येताना मिळतात."

"आलो तर," तो म्हणाला. तिथे तीन वर्षांची नोकरी होती.

मंगळवार : सामान किती किलो?
गुरुवार : खिडकी कुठल्या बाजूची?
पुन्हा मंगळवार : तास किती म्हणालात?

"फोनवर दिसतं हे सगळं," मी म्हटलं.

"दिसतं. पण फोन असा... मान वर करून बघत नाही."

मी मान खाली घातली.

तिकीट न काढता सीट दोन दिवस धरून ठेवता येते. आम्ही त्याला होल्ड म्हणतो. वरदची रविवारची सीट मी तीनदा धरली. चौथ्यांदा धरता येणार नव्हती. शेवटची मुदत शुक्रवारी सहा वाजता. विमान कंपनी तिथली, म्हणून सिंगापूरचे सहा, म्हणजे आपले साडेतीन. मी त्याला एवढंच कळवलं : सहाच्या आत या.

तीन वाजले. फोन उचलला, ठेवला.
साडेतीन. स्क्रीनवरून त्याचं नाव गेलं.

चारला तो आला.

"सीट गेली," मी म्हणाले. "सहा तिथले होते. आता थेट बुधवारची आहे."

"विसरलात?"

हो म्हणता आलं असतं. एसीचं पाणी बादलीत ठिबकत होतं, आणि तो वाट बघत होता.

"नाही. लक्षात होतं. तुमची नोकरी जाऊ शकते हेही कळत होतं... तरी फोन नाही केला."

तो बराच वेळ टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला.

"गुरुवारी हजर व्हायचंय. बुधवार चालेल." मग हळूच — "पावणेतीनलाच आलो होतो मी. खाली टपरीवर एक चहा घेतला. मग दुसरा. होल्डची मेल मलाही येते, योगिनी. सहा कुठले, तेही त्यात असतं."

मी कीबोर्ड पुढे ओढला.

"बुधवारचं काढ," तो म्हणाला. "आता होल्ड नको. आणि परतीचं दिवाळीचं."

मी काढलं. दोन्ही. त्याचं नाव दोनदा तपासलं.

"आई तरसालीला घरी माझी बॅग भरून बसलीये," तो उठत म्हणाला. "रविवारी का जात नाहीस, असं विचारेल. एकट्यानं जाववत नाही. येतेस?"

"काय सांगणार आहेस त्यांना?"

"तू सांग. समजावून सांगायची सवय तुला आहे."

मी ओढणी सारखी केली आणि स्कूटीची किल्ली घेतली.