मधले दोन खांब

सलोनी सर्वेशवर आदळली ती आचऱ्याजवळच्या एका वाडीत, देवळाच्या नव्या सभामंडपात. ती मान वर करून तुळई निरखत मागे सरकत होती, तो पताका बांधत होता.

"मॅडम, देव थंय पुढे आसा," तो म्हणाला.

ती हसली... पण नजर पुन्हा वर गेली. तुळईला केसाएवढी चीर पडली होती.

ती मंडप तपासायला आलेली इंजिनीयर. तिच्या सहीशिवाय सप्ताहाचे कीर्तन तिथे होणार नव्हते. तो त्याच वाडीतला आर्किटेक्ट, मंडप त्याने सेवा म्हणून उभारलेला. चहा देताना त्याने सगळे सांगितले. जुन्या मंडपात खांबांआड बसणाऱ्या बायांना बुवा कधी दिसलेच नाहीत, त्याची आई त्यांतलीच. म्हणून काम चालू असताना त्याने मधले दोन खांब गाळले, तुळई मात्र होती तेवढीच जाड ठेवली.

इतक्या मायेने केलेली चूक सलोनीने आजवर पाहिली नव्हती.

"खांब उभे राहीपर्यंत इथे कुणी बसायचं नाही. मी सही करणार नाही."

"बुवा उद्या येतले. माजा नाव जातला गावात."

"आई कुठे बसणार आहेत?" तिने हळूच विचारले.

त्याने बोट दाखवले — चिरेच्या बरोबर खाली.

मानकऱ्यांनी तोड काढली, देवाला कौल लावू. उजवी पाकळी पडली तर बसायचे. गुरवाने मूर्तीला पाकळ्या चिकटवल्या, गाऱ्हाणे सुरू झाले, 'व्हय महाराजा' घुमले. सलोनीने हात जोडले. उजवी पडली तरी तिला नाहीच म्हणायचे होते, आणि श्रद्धा तिचीही होती.

तेवढ्यात सर्वेश पुढे झाला.

"पाकळे काढा, गुरवानू. देवाक कित्याक कोड्यात घालतास? चूक माजी आसा, ती माका म्हायत आसा."

गुरवाने पाकळ्या उतरवल्या.

दुसऱ्या दिवशी देवळाच्या अंगणात माडाच्या झापांचा मांडव उभा राहिला. बुवांनी अभंग धरला, सर्वेशची आई अगदी पुढे बसली. टाळांच्या गजरात सर्वेश सलोनीकडे झुकला.

"फुडल्या वर्षी खांब आसतले. खांबामागे बसणाऱ्याक काय्येक दिसाचा नाय."

"मग?"

"मगे थंय आपण दोघांनी बसूया... तू येतलंस?"

बुवांवरची नजर न काढता, ऑफिसातली मराठी सोडून ती घरच्या मालवणीत म्हणाली,

"आयकाक येतला मा? तितक्या माका पुरे."